बुजवेमामा आणि अठ्ठावीस फटी

बुजवेमामांचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा चपटा होता. तीस वर्षं तो खिडक्यांच्या कडेकडेने फिरला होता, आणि फिरता फिरता त्याच्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. मोठ्या कचेऱ्यांच्या इमारतींना काचेच्या खिडक्या बसवतात, तेव्हा त्यांची ॲल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर फट राहते. ती बुजवणं हा मामांचा धंदा. आधी फटीत फोमची गोल दोरी दाबायची, तिच्यावर बंदुकीसारख्या यंत्राने रबरासारखं सीलंट भरायचं, आणि ते ओलं आहे तोवर चमच्याच्या पाठीने एका दमात ओढून घ्यायचं. चमचा बहिणीच्या स्वयंपाकघरातून आलेला. तिने तो परत मागणं केव्हाच सोडून दिलं होतं, त्याची आठवण काढणं मात्र सोडलं नव्हतं.

त्यांचं खरं आडनाव कामावर कुणालाच ठाऊक नव्हतं. बुजवे हे लोकांनी ठेवलेलं, आणि भाची मामा म्हणायची म्हणून सगळेच मामा म्हणायचे. काम संपलं की मामा डोळे मिटत आणि अंगठा खिडकीभोवती एकदा पूर्ण फिरवत. अंगठा कुठे अडखळला, कुठे जरासा आत गेला, की डोळे उघडायचे आणि तिथे सीलंटचा थेंब पडायचा. त्यांनी भरलेली खिडकी आजवर गळली नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत, पण दुसरा कुणी सांगू लागला तर त्याला अडवतही नसत.

ही नजर, खरं तर हा स्पर्श, त्यांनी कुठल्या शाळेत मिळवला नव्हता. सोळाव्या वर्षी ते सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसले. दुकानाच्या पायरीशी काळ्या पाण्याची एक परात असे. फुगवलेली ट्यूब तीत वीत वीत बुडवत जायची आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की तिथे भोक. मालक म्हणायचा, घाई करू नकोस, बुडबुडा खोटं बोलत नाही. सहा वर्षं मामांनी त्या परातीत बघण्यात घालवली. भोक म्हणजे चूक, आणि चूक दिसली की ती बुजवायची, एवढं एक त्यांच्या हाडात जाऊन बसलं. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्यावरच काढलं.

दुसऱ्याला विचारणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. शिकलेले लोक नकाशे उघडून उभे राहिले की मामा लांबून मान हलवत. समजलं असेल तरी, नसेल तरी. खिडकीच्या चौकटीला खालच्या अंगाला दोन छोट्या प्लास्टिकच्या टोप्या असतात. पहिल्याच कामावर खिडकीवाल्याने त्यांना सांगितलं होतं, या टोप्यांना हात लावायचा नाही. मामांनी तीस वर्षं लावला नाही. टोपीखाली काय असतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

भाची ही त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती भिंती करायची. म्हणजे विटांच्या नव्हेत. आत पक्क्या पाट्या, त्यांच्यावर फोमचे जाड तक्ते, तक्त्यांवर जाळी, जाळीवर सिमेंटसारखा चिकट लेप, आणि सगळ्यात वर रंगीत दाणेदार थर. लांबून दगडी वाटते, टिचकी मारली की पोकळ वाजते. अशी भिंत थंडी-ऊन अडवते, वजनाला हलकी, दिसायला देखणी; पण एकदा का तिच्या पाठीमागे पाणी शिरलं, की बाहेरून हसत राहते आणि आतून कुजते. म्हणून खिडकीची कड हा तिचा जीव. भाची प्रत्येक कडेला जाळी फोमवरून मागे वळवून घ्यायची, आणि कडेच्या आतल्या अंगाला रंगीत थर लागू द्यायची नाही. तो थर पाण्याने मऊ पडतो आणि सीलंट त्याच्यासकट सुटून येतं. हे तिला मामांनीच शिकवलं होतं. पहिल्या वर्षी तिच्या हातून एका कडेला रंगीत थर गेला, तेव्हा मामांनी तो तिच्याकडूनच नखाने खरवडून काढला होता. आता तिच्या हाताखाली नऊ जणांची टोळी होती.

त्या वर्षी दोघांना एकाच इमारतीवर काम मिळालं. तीन मजले, खाली दुकानं, वर कचेऱ्या. पाठीमागची बाजू उघड्या मैदानाकडे, तिकडून वारा सरळ येऊन आदळायचा. त्या बाजूला चौदा खिडक्या. इमारत पुरी झाली, वरच्या मजल्यावर माणसं कामाला बसली, आणि महिन्याभराने वाऱ्याबरोबर आलेल्या एका जोरदार सरीत दुसऱ्या मजल्यावरची उजवीकडून तिसरी, वाऱ्याचा मारा सगळ्यात जास्त झेलणारी खिडकी गळली. आतल्या गालिच्यावर ताटाएवढा ओला डाग. पंधरा दिवसांनी पुन्हा सर आली, डाग परातीएवढा झाला.

मुकादमाने खिडकीच्या उजव्या कोपऱ्याशी, भिंतीच्या कडेला, केसासारखी एक चीर शोधून काढली. झालं, त्याला पुरावा मिळाला. पाणी कुठे मुरतंय ते आता मला कळलं, असं तो चार माणसांत हसून म्हणाला आणि भाचीकडे बघितलं. भाची म्हणाली की ती चीर वरच्या थरातली आहे, नखानेसुद्धा खोल जात नाही. मुकादम म्हणाला, बघू. तपासनीस बोलावला गेला. ठरलं असं की खिडकीवर पाणी मारून परीक्षा करायची. भिंतीची कड गळते असं निघालं, तर तिथल्या तिथे भिंत कापून बघायची, भाचीची टोळी कामावरून उतरवायची, आणि शेजारी उभी राहत असलेली दुसरी इमारत वेगळ्या टोळीला द्यायची. मामांच्या सीलंटविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. बुजवेमामांची खिडकी गळते असं बोलायला जीभ वळली पाहिजे ना.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मामा बहिणीच्या घरी गेले. भाची ओट्याशी उभी राहून हाताला चिकटलेला लेप खरवडत होती. बहिणीने विचारलं, काय होईल रे उद्या? मामा बराच वेळ पाणी पीत बसले. भाच्यांना धीर द्यायला मामा असतात, हे त्यांनाही कळत होतं. पण मामा कामाच्या बाबतीत खोटा धीर देणारे नव्हते, आणि आपल्या हाताबद्दल त्यांना शंकाही नव्हती. मग उरलं काय?

"एखादी कड कच्ची राहिली असेल," ते म्हणाले. "एवढ्या चौदा खिडक्या. माणूस आहे."

भाचीने खरवडणं थांबवलं नाही. "तिसरी खिडकी मी स्वतः केली, मामा," ती म्हणाली. "टोळीतल्या कुणाला हात लावू दिला नाही. कारण वारा तिकडून येतो हे मला दिसत होतं."

बहीण भावाला म्हणाली की तू जेवून जा. पण तिने ताट वाढलं ते जरा आवाज करून.

सकाळी नऊला पाणी सुरू झालं. बाहेर परांचीवर तपासनीस, मुकादम आणि भाची. तपासनीस भिंतींचा माणूस होता, तरुण, कमी बोलणारा, गळ्यात घड्याळ अडकवलेला. खिडक्या बसवणारे लोक काम उरकून दुसऱ्या गावी गेले होते. त्यांनी फोनवर सांगितलं की आमच्या चौकटी कारखान्यातून तपासून येतात. आत, खोलीत, मामा. आतून बघायला अनुभवी माणूस हवा, म्हणून मुकादमानेच त्यांना तिथे बसवलं होतं. चौकटीची आतली खालची पट्टी काढून ठेवली होती, म्हणजे काचेखालची पन्हळ उघडी दिसत होती. मामांनी विजेरी घेऊन तिच्याशी डोळे नेले. खूण ठरली होती: तपासनीस काचेवर बोट टेकवून विचारणार. कोरडं असेल तर मामांनी एकदा ठोकायचं, पाणी दिसलं तर दोनदा.

पाणी खालून वर मारत न्यायचं असतं. उलटं केलं तर वरचं ओघळलेलं खाली येऊन भलत्याच जागी आळ आणतं. म्हणून आधी खिडकीच्या खालची भिंत, पाव तास. नळीला भोकं पाडून केलेला फवारा भिंतीवर सळसळत राहिला. तपासनीसाने बोट टेकवलं. मामांनी एकदा ठोकलं.

मग खालची फट, पाव तास. एकदा.

मग डावी उभी कड. एकदा. मामांना काचेतून भाचीचं अर्धं तोंड दिसत होतं. ती फवाऱ्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडेही नाही. ती त्यांच्या मुठीकडे बघत होती.

मग उजवी कड. हीच ती, चिरीची. मुकादम दोन पावलं पुढे आला. पाव तास इतका लांबतो हे मामांना त्या दिवशी कळलं. गुडघ्याला मुंग्या आल्या. विजेरीचा गोल कोपऱ्यावर ठेवला होता, तो हलू नये म्हणून त्यांनी कोपर चौकटीला टेकवलं. कोपरा कोरडा. पुन्हा बघितलं. कोरडा. बोट टेकलं, आणि मामांनी ठोकलं ते जरा जोरातच ठोकलं. भाचीचे खांदे खाली आले.

आता फक्त काच उरली होती. नियम म्हणून तिच्यावरही पाव तास मारायचं. तपासनीसाने फवारा वर उचलला. बाहेरचं सगळं जग पाण्यात विरघळलं, माणसांचे नुसते रंग उरले. चौथ्या मिनिटाला मामांना काचेखालच्या पन्हळीत चकाकी दिसली.

पाणी येत होतं. कडेने नव्हे, काचेच्या रबरातून झिरपत होतं, जसं ते कुठल्याही खिडकीत थोडंफार झिरपतंच. पण ते जात नव्हतं. पन्हळीत साचत होतं. नखाएवढं चढलं, मग बोटाच्या पेराएवढं. मामा बघत राहिले. काळसर, संथ, अरुंद पाणी. असं पाणी आपण कुठे बघितलंय, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात तळातून बुडबुडा निघाला.

बाहेरून बघता डाव्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर. एक. मग थांबून दुसरा.

त्या जागी बुडबुडा यायचा म्हणजे तिथे हवा अडकलेली. हवा अडकायची म्हणजे तिथे पोकळी. आणि त्या पोकळीचं तोंड बाहेरून बुजलेलं. कुणी बुजवलं?

त्यांना ती संध्याकाळ आठवली. पाठीमागच्या बाजूचं काम संपलं होतं, डोळे मिटून ते अंगठा फिरवत होते, आणि पहिल्याच खिडकीत, चौकटीच्या खालच्या अंगाला, अंगठा एका फटीत अडला. करंगळीच्या नखाएवढी लांब. थोड्या अंतरावर तशीच दुसरी. कारखान्याची चूक, त्यांना वाटलं. बाकीच्या बाजूंना टोप्या होत्या, तिथे हात लावायचा नव्हता. इथे टोप्या नव्हत्या, नुसती उघडी भोकं. चौदा खिडक्या, अठ्ठावीस फटी. त्यांनी एकेक बुजवली, चौकटीच्याच करड्या रंगाच्या सीलंटने, इतक्या सफाईने की पुन्हा अंगठा फिरवला तेव्हा त्यालाच जागा सापडली नाही. मग त्यांनी सामान आवरलं, आणि त्या संध्याकाळी आपण एका मोठ्या कंपनीची चूक झाकली या समाधानात घरी गेले.

टोपीखाली भोक असतं. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर जायची ती वाट असते. तीस वर्षांत त्यांनी एवढं एक विचारलं नव्हतं.

पाणी पन्हळीच्या काठाला आलं, क्षणभर फुगून थांबलं आणि आत ओघळलं. उजव्या कोपऱ्याकडे उतार होता. थेट तिथे जाऊन ते गालिच्यावर पडलं, नेमकं चिरीच्या पाठीशी.

तपासनीसाचं बोट काचेवर टेकलं.

मामांची मूठ उचललेली तशीच राहिली. एकदा ठोकलं तर खोटं. दोनदा ठोकलं तर भाची गेली. बोट पुन्हा टेकलं, अधीरपणे. मामांनी दोनदा ठोकलं.

फवारा थांबला. ओघळणाऱ्या काचेतून बाहेरची माणसं पुन्हा आकाराला आली. मुकादम आत डोकावून बघत होता, कोपऱ्यातलं पाणी त्याला दिसलं, आणि काचेवरचं ओघळून चिरीतच शिरलं, असं म्हणत त्याने मागे वळून हात केला. कापायचं यंत्र तयारच ठेवलं होतं. भाचीने फक्त उजव्या कडेवर तळहात ठेवला आणि मग काढून घेतला.

यंत्र सुरू झाल्याचा आवाज काचेतून मधमाशीसारखा आला. मामा उठले. परांचीवर जायचं तर खोलीबाहेर पडून, लांब व्हरांडा चालून, शेवटच्या उघड्या खिडकीतून पाय टाकावा लागे. चाळीसेक पावलं. त्या चाळीस पावलांत त्यांना सगळं सुचलं. भिंत कापतील, मागे कोरडं निघेल, तरी मुकादम म्हणेल आता कोरडं झालं असेल. कोपऱ्यात पाणी आलं ते सगळ्यांनी बघितलंय. त्या फटी होत्या हे कुणालाच ठाऊक नाही. आपण उद्या-परवा गुपचूप येऊन उघडल्या तर खिडकी पुन्हा गळणार नाही. आपलं नाव राहील. भाची लहान आहे, तिला दुसरं काम मिळेल. हे शेवटचं मनात आलं, आणि मामांना आदल्या संध्याकाळचं स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. माणूस आहे, म्हणे.

ते परांचीवर उतरले तेव्हा पातं भिंतीपासून चार बोटांवर होतं.

"बंद कर ते," मामा म्हणाले.

यंत्र धरणाऱ्याने मुकादमाकडे बघितलं. मुकादम समजावणीच्या सुरात म्हणाला की मामा, भाची असली तरी काम ते काम. मामा खिडकीखाली गुडघ्यावर बसले. कमरेची सुरी काढली, डाव्या कोपऱ्यापासून वीत मोजली आणि अंगठ्याने जागा शोधू लागले. सापडेना. त्यांनीच इतकी गुळगुळीत केली होती. दुसऱ्यांदा फिरवला, तिसऱ्यांदा. वर चार माणसं उभी, आणि यंत्र अजून गुरगुरत होतं. शेवटी त्यांनी डोळे मिटले. तेव्हा अंगठ्याला तांदळाएवढा मऊपणा लागला. तिथे त्यांनी सुरीचं टोक रोवलं आणि करडं रबर उपटून काढलं.

पाणी पिचकारीसारखं बाहेर आलं. मामांच्या मनगटावर, बाहीवर, भाचीच्या बुटांवर. बराच वेळ येत राहिलं, मग धार झाली, मग थेंब. यंत्र बंद झालं होतं.

"हे मी बुजवलं होतं," मामा म्हणाले. "चौदाही खिडक्या. तिची कड चांगली आहे."

तपासनीस वाकला, फटीत काडी घालून बघितली, आणि हळूच विचारलं की याच्यावर टोपी असायला हवी होती ना? मामा म्हणाले की टोपी नव्हती, म्हणून तर. आणि टोपी असती तरी मला माहीत नव्हतं, असं त्यांनी त्याला जोडलं. हे वाक्य म्हणायला त्यांना पिचकारीपेक्षा जास्त वेळ लागला. मुकादम आकाशाकडे बघत राहिला.

भाचीने आपल्या ओल्या बुटांकडे पाहिलं. मग मामांकडे.

"काल म्हणालास, कड कच्ची असेल."

"म्हणालो."

"विचारायचं होतंस, मामा. खिडकीवाल्याला नाही तर मला. मला माहीत होतं."

तपासनीसाने दुसरी फट उघडायला सांगितली आणि काचेवर पुन्हा पूर्ण पाव तास पाणी मारलं. या वेळी आत भाची बसली. पाणी पन्हळीत आलं आणि दोन्ही फटींतून खळखळत परांचीवर पडलं. बोट टेकलं. भाचीने एकदा ठोकलं.

तपासनीसाने अहवालात खरं तेच लिहिलं: भिंत निर्दोष, निचरा चुकून बुजवलेला. दुसरी इमारत भाचीच्या टोळीकडे राहिली. तिथल्या खिडक्यांचं सीलंट मात्र मुकादमाने दुसऱ्याला दिलं, आणि मामांनी त्याबद्दल तोंड उघडलं नाही. उरलेल्या तेरा खिडक्यांच्या सव्वीस फटी उघडायला त्यांना दोन दिवस लागले. भाची दुपारच्या सुट्टीत परांचीवर यायची, भांडारात सापडलेली टोप्यांची पिशवी घेऊन. एकेक टोपी त्यांच्या हातात द्यायची, पण फारसं बोलायची नाही. शेवटच्या खिडकीशी एक टोपी कमी पडली. सत्तावीसच होत्या. मामा मागवतो म्हणाले. भाची म्हणाली, राहू दे एक उघडी, वाऱ्याच्या आडोशाला कोपऱ्यात आहे, काही बिघडत नाही.

त्या दिवशी बहिणीने जेवायला बोलावलं. ताट वाढता वाढता तिने विचारलं, शेवटी चूक कुणाची निघाली? भाची पटकन म्हणाली, खिडकीची. मामांचा घास हातातच राहिला.

"माझी," ते म्हणाले.

बहिणीने एकदा मामांकडे, एकदा मुलीकडे बघितलं. या वेळी भांड्याचा आवाज झाला नाही. तिने भावाला आणखी वाढलं, आणि मग, इतक्या वर्षांनी पुन्हा, माझा चमचा परत दे म्हणाली. भाचीला हसू आवरलं नाही. ती आठवड्याभरात पहिल्यांदाच हसली.

मामा आता छोट्या कामांवर असतात. नव्या जागी गेलं की बंदूक बाहेर काढण्याआधी ते खिडकीवाल्याला शोधतात आणि शेजारी उभं राहून विचारतात, पाणी कुठून जातं ते दाखव. मग बाटलीभर पाणी चौकटीत ओततात, ते बाहेर येईपर्यंत बघतात, आणि मगच दोरी दाबायला घेतात. आणि जोराची सर येऊन गेली की कधी कधी त्या जुन्या इमारतीच्या पाठीमागे मैदानात जाऊन उभे राहतात. तेरा खिडक्यांच्या टोप्यांखालून पाणी निथळत असतं, ते खालून दिसत नाही. चौदाव्या खिडकीची ती एक उघडी फट तेवढी दिसते. थेंब पडतो, मग दुसरा. शेवटचा पडेपर्यंत मामा हलत नाहीत.